शिवजयंती दोनदा का येते? जुन्या तारखा वाचायची रीत

फेब्रुवारी उजाडला की महाराष्ट्रात एक वाद ठरल्यासारखा सुरू होतो. १९ फेब्रुवारीला सरकारी सुट्टी असते, शिवनेरीवर पाळणा हलतो, गावोगावी मिरवणुका निघतात. पुढे फाल्गुन वद्य तृतीयेला बरीच मंडळं पुन्हा तोच सोहळा करतात. मग ‘खरी जयंती कोणती’ यावर भांडण जुंपतं आणि त्यात कुणीतरी ‘मुळात महाराज १६२७ चे की १६३० चे, तेच ठरलेलं नाही’ असं टाकून देतो.

या भांडणात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत. जन्म कोणत्या वर्षी झाला, हा पुराव्याचा प्रश्न आहे. कागदात लिहिलेली तिथी इंग्रजी तारखेत कशी बसवायची, हा गणिताचा. आणि आज दर वर्षी तो दिवस कसा पाळायचा, हा प्रथेचा. यातल्या एकाचं उत्तर दुसऱ्याला लावलं की गोंधळ होतो. तीनही प्रश्न सुटे केले तर महाराजांचीच नव्हे, कुठल्याही जुन्या व्यक्तीची जयंती-पुण्यतिथी आपली आपल्याला तपासता येते.

पहिला प्रश्न: कागद काय म्हणतात

पेशवाईच्या काळात आणि त्यानंतर लिहिल्या गेलेल्या अनेक बखरींत महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखात, म्हणजे १६२७ साली दिला आहे. एकोणिसाव्या शतकात उत्सव सुरू झाले तेव्हा हाती प्रामुख्याने याच बखरी होत्या, म्हणून जयंती वैशाखात होत असे.

पुढे कारी गावच्या जेधे देशमुखांच्या दप्तरातली एक शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये ती छापली गेली. शकावली म्हणजे वर्षावार टिपणं. तीत वर्णन नाही, स्तुती नाही. अमुक शकात, अमुक तिथीला, अमुक वारी काय घडलं एवढंच. तिच्यात महाराजांचा जन्म शिवनेरीवर, शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असा नोंदला आहे. महाराजांच्या हयातीत कवींद्र परमानंदांनी रचलेल्या संस्कृत काव्यातही हीच तिथी आहे, आणि जोधपूरला सापडलेल्या जुन्या कुंडल्यांच्या संग्रहातून शके १५५१ ला दुजोरा मिळाला. शिवजयंतीचा सार्वजनिक उत्सव ज्यांनी उभा केला, त्या टिळकांनीच त्या उत्सवाची तिथी बदलायला लावणारा कागद पुढे आणला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

तरी वाद लगेच मिटला नाही. १९६६ मध्ये राज्य सरकारने जाणत्या इतिहास संशोधकांची समिती नेमली, तिचंही एकमत झालं नाही. अखेर २००१ मध्ये सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली.

१६२७ की १६३० हा खरा वाद होता, आणि तो कागदांच्या वजनावर सुटला. घटनेच्या जवळचा कागद नंतरच्या कागदापेक्षा वजनदार. एकमेकांवरून न उतरवलेले दोन कागद एकच सांगत असतील तर वजन आणखी वाढतं. आणि ज्या नोंदीतले तिथी, वार, संवत्सर आपसात जुळतात, तिच्यावर जास्त भरवसा ठेवता येतो. ही शेवटची कसोटी घरबसल्या लावता येते.

दुसरा प्रश्न: तिथीची तारीख कशी करायची

जेधे शकावलीतली नोंदच घेऊ. शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार.

आधी शकाचं इसवी सन करायचं. शकात ७८ मिळवायचे, हे बहुतेकांना माहीत असतं. पण ते वर्षाच्या पहिल्या नऊ-दहा महिन्यांपुरतंच खरं आहे. शक चैत्र पाडव्याला सुरू होतो आणि इसवी सन मध्येच, पौषाच्या आसपास, पालटतं. म्हणून चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८, आणि जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९ मिळवायचे. १५५१ अधिक ७९ म्हणजे १६३०. इथे ७८ मिळवणारा १६२९ लिहून बसतो.

ही चूक फार जुनी आणि फार पसरलेली आहे. समर्थ रामदासांचं निर्वाण शके १६०३ च्या माघ वद्य नवमीचं, म्हणजे जानेवारी १६८२ मधलं; पण ठिकठिकाणी १६८१ लिहिलेलं दिसतं. देहूच्या परंपरेत तुकाराम महाराजांच्या प्रयाणाचं साल शके १५७१, विरोधी संवत्सर असं सांगतात. फाल्गुन वद्य द्वितीया, म्हणून १६५०. ७८ मिळवले की १६४९ येतं, आणि तेही छापलेलं सापडतं. छत्रपती संभाजी महाराजांचा मृत्यू शके १६१० च्या फाल्गुन अमावास्येचा; साल १६८९, १६८८ नव्हे. माघ आणि फाल्गुनातल्या प्रत्येक पुण्यतिथीला हा धोका असतो, आणि आपल्याकडे या दोन महिन्यांत मोठ्या पुण्यतिथ्या बऱ्याच आहेत.

मग संवत्सर तपासायचं. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो साठ संवत्सरांच्या यादीतला क्रमांक. १५५१ अधिक १२ म्हणजे १५६३, बाकी ३, प्रभव, विभव, शुक्ल. नोंदीत शुक्ल संवत्सरच आहे. तुकोबांचं पाहा: १५७१ अधिक १२ म्हणजे १५८३; बाकी २३; तेविसावं संवत्सर विरोधीच. बाकी शून्य उरली तर साठावं, क्षय. ही रीत आपल्याकडच्या आणि दक्षिणेतल्या गणनेला लागू पडते. उत्तर हिंदुस्थानात संवत्सरं वेगळ्या हिशेबाने मोजतात, तिथे हीच बाकी चालवू नये.

मग महिना. आपला महिना अमावास्येला संपतो (अमान्त), उत्तरेतला पौर्णिमेला (पौर्णिमान्त). त्यामुळे शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिन्याचं नाव एकच, वद्य पक्षात एका महिन्याचा फरक. महाशिवरात्र आपल्याकडे माघ वद्य चतुर्दशी, उत्तरेत फाल्गुन कृष्ण चतुर्दशी, दिवस तोच. राजस्थान, बुंदेलखंड किंवा दिल्लीकडच्या कागदात वद्य पक्षातली तिथी आली तर कागद कोणत्या पद्धतीने लिहिला आहे ते आधी ठरवावं लागतं. नाहीतर अख्खा महिना चुकतो.

आता गुंतागुंतीचा भाग.

दहा दिवस कुठे गेले

युरोपात शतकानुशतकं जूलियन दिनदर्शिका चालत होती. तिचं वर्ष खऱ्या सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा मिनिटांनी मोठं. ती अकरा मिनिटं साचून साचून १५८२ पर्यंत दहा दिवसांची तफावत झाली. तेव्हा पोप ग्रेगरी तेरावे यांनी सुधारणा केली: गुरुवार ४ ऑक्टोबर १५८२ नंतरचा दिवस शुक्रवार १५ ऑक्टोबर धरला. तारखा उडाल्या, वार मात्र सलग राहिले. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

कॅथलिक पोर्तुगालने ही सुधारणा लगेच स्वीकारली, आणि तिच्यामागोमाग गोव्यानेही. प्रॉटेस्टंट इंग्लंडने ती तब्बल १७५२ पर्यंत नाकारली. म्हणजे शिवकाळात पणजीचा पोर्तुगीज आणि सुरत-मुंबईचा इंग्रज एकाच दिवशी पत्र लिहीत, तर दोघांच्या तारखांत दहा दिवसांचं अंतर पडे. गोव्याजवळच्या जुवे बेटावरची संभाजी महाराजांची स्वारी पोर्तुगीज कागदांत २४ नोव्हेंबर १६८३ ची आहे, आणि मराठी इतिहासग्रंथांत १४ नोव्हेंबरची. हल्ला एकच होता.

मराठ्यांच्या इतिहासाची साधनं इंग्रजी कागदांच्या जोडीने लावली गेली, म्हणून आपल्याकडे रूढ झालेल्या शिवकालीन तारखा इंग्रजी म्हणजे जूलियन पद्धतीच्या आहेत. १९ फेब्रुवारी १६३० ही जूलियन तारीख. आज भिंतीवर लटकणाऱ्या ग्रेगरियन कॅलेंडरच्या हिशेबाने तोच दिवस १ मार्च १६३०. राज्याभिषेक ६ जून १६७४, ग्रेगरियन १६ जून. महाराजांचं निधन चैत्र पौर्णिमा शके १६०२, शनिवार, ३ एप्रिल १६८०. ग्रेगरियन १३ एप्रिल. जिजाऊंचा जन्म पौष पौर्णिमा, १२ जानेवारी १५९८. ग्रेगरियन २२ जानेवारी.

१७०० साल जूलियन पद्धतीत लीप होतं, ग्रेगरियनमध्ये नव्हतं. म्हणून तिथून पुढे फरक ११ दिवसांचा. थोरले बाजीराव रावेरखेडीला वारले ती २८ एप्रिल १७४० ही तारीखही जूलियनच आहे, ग्रेगरियन ९ मे. इंग्लंडने बुधवार २ सप्टेंबर १७५२ नंतर गुरुवार १४ सप्टेंबर धरला आणि भानगड संपली. पानिपतची १४ जानेवारी १७६१ ही तारीख जशी छापलेली आहे तशीच आजचीही. तिच्यात काही मिळवू नका.

इंग्रजी कागदांत आणखी एक खोच आहे. १७५२ पूर्वी त्यांचं कायदेशीर वर्ष १ जानेवारीला नाही, २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे १ जानेवारी ते २४ मार्च या काळातल्या पत्रांवर बहुधा मागचं साल असतं, किंवा १६८८/८९ अशी दोन सालं जोडलेली असतात. संभाजी महाराजांच्या मृत्यूची ११ मार्च १६८९ ही तारीख त्या वेळच्या इंग्रजी पत्रात १६८८ ची दिसू शकते. कागद खोटा नसतो, वाचणाऱ्याला नववर्ष माहीत नसतं.

वार हा सगळ्यात भरवशाचा साक्षीदार

एवढ्या उलथापालथीत वाराची साखळी कुठेच तुटलेली नाही. म्हणून जुन्या नोंदीत वार असेल तर आधी तो पकडायचा.

मोबाइलवरच्या कॅलेंडरमध्ये किंवा एखाद्या संकेतस्थळावर १९ फेब्रुवारी १६३० टाकून पाहा. बरीच साधनं मागच्या काळालाही ग्रेगरियन पद्धतच लावतात. ती मंगळवार दाखवतील, आणि चंद्र शुक्ल पक्षातल्या अष्टमीच्या आसपास. हे पाहून ‘तारीख खोटी आहे’ असं कुणीतरी जाहीर करतो. तिथेच १ मार्च १६३० टाका: शुक्रवार, आणि पौर्णिमा उलटून तिसरी तिथी. जेधे शकावलीशी वार आणि तिथी दोन्ही जुळतात. राज्याभिषेकासाठी १६ जून १६७४ टाका, शनिवार येईल. निधनासाठी १३ एप्रिल १६८०, शनिवार आणि पौर्णिमा.

राज्याभिषेकाच्या बाबतीत मात्र जेधे शकावली शुक्रवार आणि ज्येष्ठ शुद्ध द्वादशी म्हणते, आणि आपण त्रयोदशी पाळतो. इथे कुणीही चुकलेलं नाही. शकावलीत पुढे लिहिलं आहे की तीन घटका रात्र उरली असता महाराज सिंहासनावर बसले. एक घटका २४ मिनिटांची, म्हणजे सूर्योदयाला ७२ मिनिटं बाकी होती. आपला वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजांचा मध्यरात्री. त्या पहाटे मराठी लेखणीसाठी अजून शुक्रवार होता, इंग्रजी घड्याळात शनिवार ६ जून लागलेला होता. रात्रीच्या आणि पहाटेच्या कुठल्याही घटनेत हा एका दिवसाचा फरक गृहीत धरावा. शिवकाळात किती महत्त्वाच्या गोष्टी रात्री घडल्या ते पाहता, ही बाब किरकोळ नाही.

काही फरक दिनदर्शिकेचे नसतात, बातमीचे असतात. महाराजांच्या निधनाबद्दल मुंबईच्या इंग्रजांनी सुरतेला २८ एप्रिल १६८० रोजी लिहिलं, त्यात मृत्यूला २३ दिवस झाले असं म्हटलं आहे. मागे मोजलं की ५ एप्रिल येतो. शकावलीतल्या ३ एप्रिलशी हे दोन दिवसांनी अडतं. रायगडाहून मुंबईला ऐकीव बातमी पोचली आणि कारकुनाने अंदाजे दिवस धरले, इतकाच त्याचा अर्थ. फरक दहा-अकरा दिवसांचा असेल तर दिनदर्शिकेवर संशय घ्यावा, महिनाभराचा असेल तर पौर्णिमान्त-अमान्तावर, नेमका वर्षाचा असेल तर ७८-७९ वर, आणि एक-दोन दिवसांचा असेल तर सूर्योदयावर किंवा ऐकीव बातमीवर.

मोडी कागदांत शकाच्या जागी बहुतेकदा सुहूर सन असतं, तेही अरबी आकड्यांच्या शब्दांत: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस. शेवटी मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. पानिपतच्या वर्षीचं सन ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे ११६१. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होतं. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. ११६१ अधिक ६०० म्हणजे १७६१, जानेवारी.

तिसरा प्रश्न: आज कधी पाळायचं

आता गंमत अशी की १९ फेब्रुवारी आणि फाल्गुन वद्य तृतीया हे दोन दिवस आपल्या काळात एकत्र येऊच शकत नाहीत. २०२२ मध्ये ही तिथी २१ मार्चला आली, २०२३ मध्ये १० मार्चला, २०२४ मध्ये २८ मार्चला, २०२५ मध्ये १७ मार्चला, २०२६ मध्ये ६ मार्चला.

चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, सौर वर्षापेक्षा ११ दिवसांनी आखूड. म्हणून तिथी दर वर्षी ११ दिवस मागे सरकते. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, म्हणून पुढच्या मार्चमध्ये ती एकदम १८ दिवस पुढे गेली. हे मागेपुढे होणं एका पट्ट्यात चालतं, आणि तो पट्टा हल्ली मार्चच्या सुरुवातीपासून मार्चअखेरपर्यंत पसरलेला आहे. १९ फेब्रुवारी त्याच्या बाहेर पडतो. कारणं दोन. जूलियन-ग्रेगरियनचे दहा दिवस आपण आकड्यात धरलेच नाहीत. १६३० चा १९ फेब्रुवारी आजच्या १९ फेब्रुवारीवर तसाच चिकटवला. शिवाय पंचांगाचं सौर वर्ष ताऱ्यांवरून मोजलेलं, इंग्रजी वर्ष ऋतूंवरून. ताऱ्यांचं वर्ष सुमारे वीस मिनिटांनी मोठं, आणि जवळजवळ चारशे वर्षांत त्याने पट्टा आणखी पाच-सहा दिवस पुढे नेला आहे.

म्हणून ‘तिथी खरी की तारीख खरी’ हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. दोन्ही एकाच शुक्रवारची नावं आहेत. पुनरावृत्ती मोजायची पट्टी वेगळी, एवढंच.

तरी पट्टी कोण निवडतं हे पाहण्यासारखं आहे. संतांच्या पुण्यतिथ्या तिथीनेच होतात: तुकाराम बीज, रामदास नवमी, एकनाथ षष्ठी. त्यांची स्मृती वारी, दिंडी, कीर्तन आणि मठांनी सांभाळली, आणि त्या सगळ्यांचं वेळापत्रक पंचांगावर चालतं. महात्मा फुल्यांचा ११ एप्रिल, बाबासाहेबांचा १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर तारखेनेच. त्या काळी शाळा, कचेरी, वर्तमानपत्रं सगळीच इंग्रजी तारखेवर आली होती. शिवाजी महाराज या दोहोंच्या मधे उभे आहेत. रायगडावर राज्याभिषेक सोहळा ६ जूनलाही होतो आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीलाही. पुण्यतिथीला मात्र चैत्र पौर्णिमाच, म्हणजे हनुमान जयंतीचा दिवस, अधिक पाळली जाते. टिळकांच्या काळी तर प्लेगमुळे पुण्यातला १८९७ चा उत्सव जयंतीऐवजी जूनमध्ये, राज्याभिषेकाच्या तिथीला झाला. पुढच्या काही दिवसांत पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्या उत्सवाचा वृत्तांत छापल्याबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला.

तिथीने उत्सव करणाऱ्यांना एक अडचण हटकून येते. तिथी म्हणजे चंद्र-सूर्यातलं १२ अंशांचं अंतर. ती कधी २० तासांत संपते, कधी २६ तासांहून जास्त चालते. त्यामुळे एखादी तिथी दोन सूर्योदयांना असते आणि एखादी एकाही सूर्योदयाला नसते. जयंतीला साधारण सूर्योदयाची तिथी धरतात, श्राद्धाला अपराह्णाची, म्हणजे दुपारनंतरची. एकाच माणसाची पुण्यतिथी मंडळ एका दिवशी करतं आणि घरचे वंशज आदल्या दिवशी श्राद्ध करतात, ते यामुळे. कोकणात काही घरी टिळक पंचांग पाहतात. त्याचं गणित इतर पंचांगांहून निराळं, आणि काही वर्षी अधिक महिनाच वेगळा येतो. गावात दोन पंचांगं चालत असतील तर पत्रिका छापण्यापूर्वी कोणतं धरायचं ते ठरवून पत्रिकेत तसं लिहावं.

कोनशिला, पुतळ्याचा चौथरा किंवा समाधीजवळचा फलक करताना आम्ही हा क्रम सुचवतो: आधी मूळ कागदात जे असेल ते, म्हणजे शक, संवत्सर, महिना, पक्ष, तिथी, वार. त्याखाली इंग्रजी तारीख, आणि ती १७५२ पूर्वीची असेल तर शेजारी ‘जूलियन’ हा शब्द. ग्रेगरियन तारीखही द्यायची असेल तर वेगळ्या ओळीत द्यावी, दोन्ही तारखा तिरक्या रेघेने जोडू नयेत. बघणाऱ्याला ते दोन पर्याय वाटतात. जन्मसाल किंवा मृत्युसालाबद्दल खरोखरच दोन पुरावे असतील तर कोणत्या कागदावरून साल घेतलं ते एका ओळीत कोरावं. आणि दगड कोरणाऱ्याच्या हाती मजकूर देण्यापूर्वी वार जुळतो का ते पाहावं. त्याला पाच मिनिटं लागतात, आणि एकदा दगडावर चढलेलं चुकीचं साल पुढे पाठ्यपुस्तकांत, लेखांत, भाषणांत उतरत राहतं.